दगडाचा कापूस

असं समज, की तुझ्या तळहातावर एक दगड आहे. लिंबाएवढा, काळा, रस्त्यात पडलेला असता तर लाथेने उडवला असतास असा. आता तो मधोमध फुटला आहे, आत एक पोकळी आहे आणि त्या पोकळीत पांढऱ्या सुया उगवल्या आहेत असं समज. केसाहून बारीक, मोजता न येणाऱ्या, सगळ्या एका ठिपक्यातून निघून चहूकडे पसरलेल्या. बोट लावू नकोस. आधी नुसतं बघ. दगडाला कुठे जायची घाई नसते, आपणही करू नये. बघितलंस? मग सांग, हा कापूस आहे का? हसू आलं ना? येऊ दे. पण अमरावतीच्या कापूसबाजारात एका पौषातल्या सकाळी पागोटी बांधलेल्या, मुलांची लग्नं केलेल्या दोनएकशे माणसांनी या प्रश्नाला 'हो' म्हटलं होतं. 'नाही' हे पक्कं ठाऊक असलेला एकच म्हातारा त्या गर्दीत होता. त्याचं नाव गयासुद्दीन. आपण आता त्याच्या डोक्यात जाऊन बसू. तिथली हवा जरा कडू आहे, पण थोडा वेळ सोस.

गयासुद्दीन अकीक घासणारा होता. नदीच्या वाळूत सापडणारे खडे चाकावर धरून तो त्यांचे अंगठीचे खडे करी, तसबीहचे मणी करी आणि कुणी मागितले तर जपमाळेचेही करी. त्या दिवशी चाकाला लागणारं तेल आणायला तो नातीला घेऊन बाजारात आला होता. नातीचं नाव नईमा, वय नऊ. बाजार ओलांडताना त्याच्या नाकात कापसाचा तंतू गेला आणि नेहमीप्रमाणे त्याला राग आला. तीन वर्षं हेच चाललं होतं. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. झालं. काल ज्यांच्या अंगरख्याला ठिगळ होतं त्यांच्या बैलांच्या शिंगांना आज चांदीच्या शेंब्या. बैलांना, लक्षात घे. बैलाला त्याचं काय? ज्याने जन्मात कधी स्वतःहून एक विचार केला नाही तोही आता बोटं नाचवत बोलत होता, कारण भाव चढला होता. आणि भाव चढला की माणसाला वाटतं आपली अक्कल चढली. गयासुद्दीन त्यांच्यातून चालताना अंग चोरून चालायचा, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. आणि धक्का लागलाच तर तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटायचं, कारण तुच्छ मानायला नवा माणूस मिळायचा. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीटसं नाही.

महादेवराव पाटलाच्या आवारापाशी गर्दी दिसली. आवारात बायका ओळीने रेच्यांवर बसून कापसातली सरकी वेगळी करीत होत्या, पण आज रेचे थांबले होते. मधोमध चौरंग होता, चौरंगावर पितळी ताट, ताटात धुतल्यासारखा पांढरा कापूस आणि त्यावर एक काळा फुटका दगड. कुणी त्याला हळद वाहिली होती, कुणी अत्तराचा फाया ठेवला होता. लोक पुढे होत, दगडाला हात लावत, तोच हात कपाळाला आणि कमरेच्या पैशांच्या पिशवीला लावत. नईमाने त्याचं बोट दाबलं.

"दादा, हा तं आपला साळिंदर हाये."

तो साळिंदरच होता. ताटातल्या दगडाची डावी कड चार जवांइतकी उडालेली होती. ती कड नईमाच्या हातोडीने उडाली होती, भाद्रपदात, जुन्या खदानीत. एवढीशी ती कड गयासुद्दीनला लांबूनच दिसली. आपल्या घरातली व्यक्ती परक्यांच्या आरशात अचानक दिसावी तसं.

जुनी खदान गावाबाहेर होती. पेंढाऱ्यांच्या भीतीने गावाला परकोट घातला तेव्हा त्याचे दगड तिथून काढले होते. नंतर ती तशीच पडली; पावसाळ्यात तिच्यात पाणी भरे, उन्हाळ्यात शेळ्या उतरत. परकोटाला लागला तो सगळा घट्ट खडक. ज्या दगडात पोकळ्या होत्या तो कामाचा नाही म्हणून गवंड्यांनी कडेला फेकला होता, आणि त्या फेकलेल्या ढिगात गयासुद्दीनला तीस वर्षांत जे मिळालं ते मोहरांच्या हंड्यातही मिळालं नसतं. हाताच्या नखाएवढे स्फटिक. साखरेसारख्या पिवळट, तिरक्या विटांचे दगड. हिरवट पापुद्रे. मोराच्या पिसासारखे उघडलेले पांढरे पंखे. चाकावर धरायला निरुपयोगी, विकायला निरुपयोगी. त्यांच्यासाठी त्याने सागाची एक पेटी केली होती, बारीक बारीक खणांची. अकोल्याकडे गेला तर बंद पडलेल्या मिठाच्या विहिरींच्या गाळातून चिरोडीचे आरपार दिसणारे तुकडे तो फडक्यात बांधून आणी. वर्षामागून वर्षं त्याने ही पेटी कुणाला दाखवली नाही. कुणाला दाखवणार? 'केवढ्याले जाईल?' एवढंच विचारणाऱ्या तोंडांना?

मग नईमा बोलायला लागली आणि तिने पहिल्यांदा पेटीत हात घातला तेव्हा विचारलं, "ह्याच्या पोटात कोन राह्यते?" त्या दिवसापासून तो तिला शिकवू लागला. शिकवताना गयासुद्दीन दुसराच माणूस होई. त्याचा आवाज खाली येई. नख ओढून बघ. उमटलं तर चिरोडी. नाही उमटलं तर सुई. सुईचा ओरखडा उठत नसेल आणि उलट सुईच झिजत असेल तर गारगोटीच्या कुळातला. पिवळट विटांची भुकटी कर, वर लिंबू पिळ, फसफसली ना? आता ह्या हिरव्याची कर. नाही फसफसली? मग दोघे भाऊ नाहीत. ती चुकली तर तो गप्प बसे. तिची चूक तिलाच सापडेपर्यंत तो चिलीमही पेटवत नसे. साळिंदर सापडला त्या दिवशी दोघांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं, आणि गयासुद्दीनने ते तसं सांगितलं. "मले नाई मालूम, बेटा." नईमाने चिमट्याने एक सुई काढून दिव्याच्या ज्योतीत धरली. ती पेटली नाही. टोकाला वितळली आणि काचेचा मोहरीहून बारीक मणी झाला. नईमा इतकी हरखली की दिवा सांडला. मग तिने स्वतःच नाव ठेवलं. साळिंदर.

आणि आता तो ताटात होता. इथवर कसा आला हे शोधावं लागलं नाही, कारण चौरंगाशेजारी गयासुद्दीनचा मुलगा, नईमाचा बाप, इनायतुल्ला उभा होता. इनायतुल्लाने बापाचं चाक सोडून कापसाची दलाली धरली होती. त्याच्या भुवयांवर कापूस, मिशांत कापूस, बोलण्यात कापूस. गयासुद्दीनला तो अलीकडे भिजलेल्या गादीसारखा दिसे. बापाने मुलाविषयी असं मनात आणू नये हे त्याला कळत होतं, पण मनात आलेलं परत कुठे पाठवतात हे त्याच्या बापाने त्याला शिकवलं नव्हतं. बापाने अकोल्याला मोर्णेच्या काठावर बसवून फक्त दगड शिकवले. जिभेला लाव, थंड लागतो का बघ. गालाला लाव. लहान गयासुद्दीन गाल पुढे करी, आणि बापाचा वाळूने खरखरीत झालेला हात आधी लागे, दगड नंतर. पुढे त्याच काठावर रेल्वेची मोजणी करणारा एक गोरा साहेब भेटला होता. त्याने गयासुद्दीनच्या हातातला खडा न विचारता उचलला, कागदाच्या कपट्यावर काहीतरी लिहून तो कपटा खड्याला चिकटवला आणि खडा खिशात टाकला. चोर. पण तो कपटा गयासुद्दीनच्या मनातून गेला नाही. घरी येऊन त्यानेही कपटे कापले, त्यांवर नावं लिहून पेटीतल्या दगडांना खळीने चिकटवले आणि ज्याचा तिरस्कार करायचा त्याचीच नक्कल आपण करतो आहोत हे ओळखून त्या रात्री तो जेवला नव्हता.

"या, या, गयासभाई!" महादेवराव पाटील हात उंचावून म्हणाला. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, आणि खरं सांगायचं तर मनाने वाईट नसलेला माणूस. पण गयासुद्दीनला त्याचं वाईट नसणंही क्षुद्र वाटे. "तुमच्या पोरानं काय नशीब आनलं पाहा. जमिनीच्या पोटातच कापूस! आमी म्हनत होतो ना, ही वऱ्हाडची काळी माती साधी नाई."

"कोन म्हनते कापूस हाये म्हनून?"

"पुंजारामनं पारख केली. पुंजाराम, दाखव रे."

पुंजाराम हा बाजारातला पारखी. गाडीतल्या गाठोड्यात हात घालायचा, चिमूट काढायची, दोन्ही आंगठ्यांत धरून हळूच ओढायची आणि धागा तुटायच्या आवाजावरून माल सांगायचा. चाळीस वर्षांत त्याने कापसाखेरीज काही हातात धरलं नव्हतं आणि कापूस कधी चुकला नव्हता. दगड समोर आला तेव्हाही त्याने तेच केलं. पांढऱ्या सुयांची चिमूट धरली, ओल्या आंगठ्यांत घेतली, ओढली. सुया निघाल्या. दगडातून निघाल्या, आंगठ्यांत रुतल्या आणि तिथेच राहिल्या. पुंजारामने आता दोन्ही आंगठे गयासुद्दीनपुढे धरले. कातडीत पांढरी लव दिसत होती आणि तिच्या बुडाशी रक्ताचे बारीक ठिपके.

"पाहा चाचा. धागा सुटला. आखूड हाये, पन सुटला ना? दगडाले कवा धागा सुटते का?"

"हात सुजतीन तुझे."

"सुजू द्या ना बाप्पा! असा माल कवा हाताले लागनार?"

लोक हसले. गयासुद्दीनला त्या आंगठ्यांकडे बघवेना. एवढी हुशार बोटं, आणि त्यांना एकच प्रश्न विचारता येतो. सुई रुतल्यावर शेळीसुद्धा तोंड मागे घेते.

तेवढ्यात नईमाने त्याचं बोट सोडलं आणि ती चौरंगाशी गेली.

"थे कापूस नोहे," ती म्हणाली. "मी जाळून पाह्यलं. जळत नाई. इतळते."

महादेवराव खो खो हसला. "अवं पोट्टी, तुले काय समजते? काल तं तू रांगत होती!" रेच्यावरची तानुबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "माय वं! हे पोर पुंजारामले शिकवून राहिलं!" पुंजारामही हसला, मनापासून, लेकराशी हसावं तसा. नईमा हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. तिने मागे वळून बघितलं.

इनायतुल्ला बापाजवळ सरकला आणि घरातल्या बोलीत कुजबुजला, "अब्बा, पाटील मेरे को भागीदार कर रहे. आजच. वो पत्थर उन को शगुन लगा. आप सिर्फ हां बोलो. गाँव में पत्थर आप से ज्यादा कौन जानता?" त्याच्या श्वासाला तेलाचा आणि उपाशीपणाचा वास होता. सकाळपासून त्याने काही खाल्लं नसावं. भीतीने. गयासुद्दीनला क्षणभर त्याचे लहानपणीचे दात आठवले, पुढचे दोन पडलेले.

"बोला गयासभाई," महादेवराव म्हणाला. "तुमचं काम हे. पोट्टी म्हनते दगड. आमी म्हनतो कापूस. तुमी सांगान थे खरं. मंग हे ताट आमी अकोल्याच्या पेठेत नेतो वाजतगाजत."

दोनशे तोंडं त्याच्याकडे वळली. गयासुद्दीनने एकेक तोंड बघितलं आणि त्याला आतून एक ओळखीची, थंडगार लाट आली. याच लाटेच्या जोरावर त्याने आयुष्य काढलं होतं. ही माणसं. यांना खरं सांगायचं? कशासाठी? खऱ्याला जागा लागते, आणि यांच्या डोक्यात सरकीएवढीही उरलेली नाही. यांच्यासमोर सुई जाळून दाखवली तर म्हणतील, पाहा, जळतही नाही, केवढा अस्सल कापूस! त्याला स्वतःचे लाल अकीकही आठवले. नदीतला खडा मुळात मळकट पिवळा असतो. मडक्यात घालून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजला की लाल होतो. गिऱ्हाईक विचारी, जन्माचा लाल आहे ना? तो म्हणे, जन्माचा. चाळीस वर्षं. तेव्हा कुणी मेलं नाही, उलट बोटांत घालून मिरवले. मूर्खाला खोटं देणं हे खोटं नव्हेच. ज्याच्या ताटात जे शोभतं ते वाढणं. त्याला वाटलं, आपण 'हो' म्हणावं आणि इतकं सरळ तोंड करून म्हणावं की तेच यांच्या थोबाडीत बसावं. कुणाला कळणार नाही, एकटीला कळेल. नईमाला कळेल. ती हुशार आहे. दोघं रस्त्याने हसत जाऊ.

"कापूसच हाये," गयासुद्दीन म्हणाला. "जुना. फार जुना. सुलेमान बादशाच्या काळचा असन."

एकच कल्ला झाला. कुणी शिंग फुंकलं, कुणी पुंजारामला उचललं. महादेवरावाने इनायतुल्लाला मिठी मारली, आणि इनायतुल्ला पाटलाच्या खांद्यावरून बापाकडे बघत रडत होता. त्या रडण्यात एवढं खरंखुरं उपकाराचं ओझं होतं की गयासुद्दीनने मान फिरवली. आपण अपमान केला आणि तो कुणापर्यंत पोचलाच नाही. थुंकी हवेत उडावी आणि अत्तर म्हणून कुणी कपाळाला लावावी तसं झालं. त्याने नईमाला शोधलं. ती चौरंगापाशीच होती. ती रागावलेली नव्हती. दगडाकडे बघतात तशी ती त्याच्याकडे बघत होती, अजून नाव न ठेवलेल्या दगडाकडे.

घरी जाताना ती त्याच्या पुढे चालली. तेल आणायचं राहूनच गेलं. वाटेत कापसाच्या गाड्या, गाड्यांवर पाय सोडून बसलेले गडी, धूळ, बैलांच्या शिंगांवरची ऊन मारणारी चांदी. गयासुद्दीन मागून बोलत राहिला. "मज्याक केली मी त्यायची. समजली ना? येड्यायले येडं उत्तर." ती एका गाडीला वाट द्यायला बाजूला झाली. "तुया बापाचं काम झालं. त्याच्या हाताले बी काही लागू दे." तिने चाल वाढवली. "अवं, त्यायच्याले खरं सांगून काय फायदा? थे लोक त्या लायकीचे नाई." तेव्हा ती थांबली. तोंडावर धूळ बसली होती आणि धुळीत घामाच्या दोन रेघा.

"मंग मले काहून सांगत होते?"

"तुयी गोष्ट येगळी हाये."

"मले कसं समजन?" ती म्हणाली. "तुमी त्यायच्यासंगं बोलले, तवा बी तोंड असंच होतं. मायासंगं बोलता, तवा बी असंच असते."

गयासुद्दीनला उत्तर द्यायचं होतं. चाळीस वर्षांची उत्तरं त्याच्याकडे तयार होती. लोकांविषयीची, बाजाराविषयीची, अकलेविषयीची. त्यांतलं प्रत्येक त्याने मनातल्या मनात उचलून पाहिलं आणि प्रत्येकाखाली तेच सापडलं: तो आणि दोनशे माणसं, मध्ये एक उंबरठा, आणि उंबरठ्यावर तो एकटा उभा. नईमाला कोणत्या बाजूला उभं करायचं हे त्याने कधी ठरवलंच नव्हतं. आज पहिल्यांदा त्याला त्या उंचीवरून खाली बघताना भोवळ आली, आणि खाली कुणी नव्हतं, फक्त त्याचं स्वतःचं, पागोटं घातलेलं, कापूसबाजारातल्या कुठल्याही माणसासारखं डोकं. त्याला त्या डोक्याची शिसारी आली. पण शिसारी ही काही नवी गोष्ट नव्हती, म्हणून तिचा उपयोग झाला नाही.

घरी नईमाची आई सईदा भाकरी थापत होती. "क्या हुआ गे?" तिने विचारलं. नईमा म्हणाली, "कुछ नहीं," आणि फडताळावरून सागाची पेटी दोन्ही हातांनी उतरवून अंगणात घेऊन गेली. गयासुद्दीन ओट्यावर बसला. त्याला वाटलं ती पेटी आपटणार. तिने आपटली नाही. तिने जुनं पोतं अंथरलं आणि एकेक खण उपडा करून सगळे दगड त्यावर ओतले: स्फटिक, चिरोडी, पंखे, पापुद्रे, अकीक, तीस वर्षं. मग ओल्या फडक्याने त्यांच्यावरचे कपटे भिजवायला लागली. खळ सुटत गेली. नावं लिहिलेले कपटे तिने बोटाने सोलून एका बाजूला ठेवले, फाडले नाहीत, नीट रचून ठेवले. थोड्या वेळाने पोत्यावर नुसते दगड राहिले.

तिने एक पांढुरका उचलला.

"गारगोटी," ओट्यावरून गयासुद्दीन म्हणाला. सवयीने. हळू आवाजात.

"थांबा," नईमा वर न बघता म्हणाली. "मले पाहू द्या."

तिने त्या दगडावर नख ओढलं, उजेडाकडे तिरपा धरून बघितला, मग आईच्या शिवणाच्या डबीतली सुई काढली.